लाल डोक्याच्या टाचण्या

माझ्या सासूबाईंनी मला कधी 'वाईट शिवतेस' असं म्हटलं नाही. त्या टाचणी लावायच्या.

मागच्या खोलीत आम्ही दोघी लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायचो. दोन भिंतींना दोन मशिनं, मधे कापायचं लांब टेबल आणि एक खिडकी. माझं काम पुरं झालं की त्या ते खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहायच्या, चूक सापडली की तिथे लाल काचेच्या डोक्याची टाचणी खोचायच्या आणि कपडा घडी करून माझ्या मशीनवर ठेवून द्यायच्या. तोंडाने अवाक्षर नाही. बोलणार तरी कशा, बाकीच्या टाचण्या ओठांत धरलेल्या असायच्या. टाचणी दिसली की मुकाट्याने उसवायचं, नाही दिसली की आपलं बरं झालं असं समजायचं. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदा तरी 'हे छान झालंय' म्हणावं, अशी माझी फार इच्छा होती. नवरा म्हणायचा, आईने टाचणी लावली नाही म्हणजे ते कौतुकच समज. त्याला काय जातंय बोलायला?

त्या गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात मी त्यांची टाचण्यांची डबी ओळखीच्या शिवणाऱ्या बायकांत वाटून टाकली. एकही लाल डोकं घरात ठेवलं नाही. लोकांना वाटलं, केवढं मोठं मन आहे हिचं.

मागे राहिली त्यांची गोधडी. म्हणजे अजून गोधडी नव्हे, नुसता वरचा थर. तिरपे अर्धे केलेले चौकोन, अर्धा भाग फिका आणि अर्धा गडद, असे जोडलेले की चार चौकोन जवळ आले की मधे फिक्या रंगाचा एक हिरा दिसतो. सगळे हिरे त्यांनी स्वतः जोडले होते. चारी बाजूंचा काठ तेवढा राहिला आणि हात चालेनासे झाले. तेव्हा भेटायला आलेल्या बायकांसमोर त्या मला म्हणाल्या, "काठ तू लाव. पण वरचे टाके मोठ्या मशीनवालीकडून घालून घे. तुझे नकोत." बायका माना खाली घालून हसल्या. मीही हसले, पण माझे कान तापले होते. गोधडी आमच्या पलंगासाठी होती. अंगावर मी घेणार आणि तिच्यावर टाके मात्र माझे चालणार नव्हते.

मोठ्या मशीनवालीला सगळ्या जणी 'लांबहाती' म्हणतात, कारण तिच्या मशीनचा हात माणसाच्या हातापेक्षा लांब आहे. तिचे स्वतःचे हात इतके आखूड की वरच्या फळीवरचं दोऱ्याचं रीळ काढायला तिला स्टूल लागतं. सायकलच्या दुकानावर तिची एकच लांबट खोली. खोलीभर लोखंडी चौकट, तिच्यावर रूळ. रुळांवर गोधडीचे तिन्ही थर ताणून बसवायचे आणि मग ती दोन्ही मुठी धरून मशीनच कापडावरून फिरवते, म्हणजे वरून टाके पडून तिन्ही थर एक होतात. तिच्याकडे आधी नंबर लावावा लागतो. सासूबाईंनी तो आपल्या हयातीतच लावून ठेवला होता. नंबर चुकला की पुन्हा रांगेच्या शेवटी जायचं, हे तिने मला फोनवर बजावलं.

आणायचं कसं तेही तिने सांगितलं. वरचा थर, कापूस आणि अस्तर वेगवेगळं आणायचं, एकमेकांना टाचायचं नाही. अस्तर चारी बाजूंनी वीतभर मोठं ठेवायचं. वरच्या थराला इस्त्री करून तो अगदी सपाट बसला पाहिजे, नाहीतर मशीनखाली चुण्या पडतात. मागचे लोंबते दोरे कापायचे, कारण फिक्या कापडामागे गडद दोरा राहिला तर तो पुढून जन्मभर दिसतो. आणि कुठे टाचणी विसरायची नाही. सुई तिच्यावर आपटली तर तुकडा उडून डोळ्यात जातो.

मला वाटलं, एका दुपारचं तर काम आहे. मी काठ लावला, इस्त्री फिरवली, थर टेबलावर पसरला आणि दार ओढून घेतलं. सकाळी केर काढायला गेले तर उजव्या काठावर एक लाल डोकं.

आधी मी नवऱ्यावरच संशय घेतला. त्याला काठ आणि कंबरपट्टा यातला फरक कळत नाही, पण थट्टा कळते. त्याने लगेच आईची शपथ घेतली. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने जीभ चावली. मग मी परत खोलीत गेले आणि टाचणी उपसली. ती ओलसर होती. कोणीतरी आत्ताच ओठांतून काढून खोचली असावी तशी ओलसर. मी बोटं पदराला पुसली.

पण भीतीपेक्षा सवय जुनी. जिथे टाचणी होती तिथे मी टेप लावून पाहिला. काठ खरंच लाट मारत होता. थराचं मधून माप घ्यायचं, तेवढीच पट्टी कापायची आणि मग जोडायची, ही खरी पद्धत. मी आळस केला होता. लांब पट्टीच जोडत गेले आणि शेवटी उरली ती कापून टाकली. असं केलं की काठ थरापेक्षा लांब होतो आणि फुगतो. हे मला ठाऊक होतं. हे मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे ती मेल्यावरही गेली नव्हती.

मी अख्खा काठ उसवला, मोजून पुन्हा लावला आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली उशीखाली ठेवली. सकाळी डाव्या बाजूच्या एका फिक्या तुकड्यावर टाचणी. उलटून पाहिलं तर मागे काळ्या दोऱ्याचं एक शेपूट माझ्याकडून कापायचं राहिलं होतं. कापलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर टाचणी. तिथे शिवण कापडाच्या अगदी कडेवरून गेली होती, जरा ओढ बसली असती तर सुटली असती. ती पुन्हा घातली. मग कधी दोन दिवस काही नाही, कधी एकदम तीन. प्रत्येक ठिकाणी चूक असायचीच. बिनचुकीची एकही टाचणी नव्हती, आणि याचाच मला जास्त राग यायचा. भुताने घाबरवावं, पडदे हलवावेत, हाका माराव्यात. हे कसलं भूत, शिवणीचं माप काढणारं!

थट्टा करते आहे, पण तेव्हा हसू येत नव्हतं. इस्त्री करताना मानेवर कुणाची तरी नजर आहे असं वाटायचं. त्यांच्या खुर्चीवरची उशी मी रोज संध्याकाळी थोपटून फुगवून ठेवायची, सकाळी ती बसलेली असायची. काढलेल्या टाचण्या मी एका बशीत टाकत होते. त्या कुठे जात नव्हत्या, बशी भरत चालली होती, आणि घरात तर एकही लाल टाचणी उरलेली नव्हती. मग या येत कुठून होत्या? दिवसाउजेडीसुद्धा मी दाराकडे पाठ करून बसणं सोडून दिलं.

नवरा म्हणाला, जशी आहे तशी देऊन टाक, एकदा घरातून गेली की संपेल. मी म्हटलं, अर्धवट काम दिलं तर त्या तिच्या दुकानात जाऊन टाचण्या लावतील. तो हसला नाही. त्या संध्याकाळी खोली बंद करायला गेले तर टेबलाच्या एका कोपऱ्यावर त्याचा सदरा घडी करून ठेवलेला दिसला. बाहीची शिवण उसवलेली होती. मी तो तिथेच राहू दिला. सकाळी तो माझ्याआधी उठून खोलीच्या दाराशी उभा होता. मी कुलूप काढलं. गोधडीवर एक टाचणी होती. सदऱ्यावर नव्हती.

"तिला तुझंच पडलंय," तो म्हणाला आणि सदरा घेऊन गेला. मला त्याची फार दया आली. ती बाही मी त्याच दिवशी शिवून दिली, पण त्याला माझ्या हातची नको होती हे कळत होतं.

त्या दिवशीची टाचणी वेगळी होती. ती काठावर नव्हती, मधल्या एका हिऱ्यात होती. म्हणजे सासूबाईंच्या स्वतःच्या कामात. शेवटच्या दिवसांत जोडलेला तो चौकोन. त्याची टोकं जुळत नव्हती आणि टाके एकीकडे बारीक, एकीकडे हे लांब. मला ती चूक पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी तिच्याकडे काणाडोळा केला होता. ज्या हाताला चमचा धरवत नव्हता त्याने घातलेले टाके उसवणारी मी कोण? आपल्या नजरेतून सुटली नाही एवढं समाधान मनात ठेवून मी तिच्यावरून इस्त्री फिरवून मोकळी झाले होते.

मी टाचणी काढली आणि चौकोन तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी टाचणी तिथेच. पुन्हा काढली. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा मी चिडले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर आलं आणि मी त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "आई, हे तुमचं आहे. तुमचं मी उसवणार नाही."

मी आपल्या कामाला लागले. संध्याकाळी पाहिलं तर त्या एकाच चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर चार टाचण्या होत्या. दिवसभर मी तिथेच बसलेली होते.

मग मी उसवायला घेतलं. उसवायची छोटी सुरी टाक्याखाली घालायची आणि हलकेच उचलायची, एवढंच तर काम, पण ते भराभर होईना. दर टाक्यागणिक दिसत होतं की इथे त्या थांबल्या, इथे दम घेतला, इथे दोरा तुटला आणि पुन्हा ओवायला किती वेळ लागला असेल. एका जागी तीनदा मागेपुढे टाका घातला होता. त्यांना दिसतच नव्हतं. टेबलापलीकडच्या मशीनवर मी बसले होते, आणि दोरा ओवून दे असं त्यांनी मला म्हटलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्याचं कुसळ शोधणारी बाई स्वतःचंही शोधत बसली होती, आणि ते काढून टाकायला तिला विश्वासाचं माणूस मीच सापडले होते. मी चौकोन पुन्हा जोडला. टोकाला टोक लागलं. मी इतकं चांगलं त्याआधी कधी शिवलं नव्हतं.

त्यानंतर माझी भीती गेली. सकाळी दार उघडताना मी आधी त्यांना सांगायची की आज अस्तर कापते आहे, कापडाच्या दोन्ही किनारी काढून मगच मधला जोड घालणार आहे. अस्तराच्या जोडात किनार राहिली तर तो जोड ताठ राहतो, हे त्यांनीच मला एकदा टाचणीने शिकवलं होतं. उत्तर मिळत नव्हतं. पण चुकलं तर टाचणी मिळणार हे नक्की होतं, आणि ते मला पुरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका खोलीत सुखाने नांदत होतो. त्यातली एक मेलेली होती, हा भाग सोडला तर.

टाचण्या कमी होत गेल्या. नंबर जवळ आला. सगळे दोरे कापून झाले, अस्तर आणि कापूस घडी घालून पिशवीत गेले. एकच गोष्ट राहिली होती. कुठली बाजू डोक्याकडची ते कळावं म्हणून थराच्या वरच्या काठाला अगदी मधोमध एक टाचणी लावून द्यायची असते. एवढी एक लांबहाती चालवून घेते, थर रुळावर चढवताना स्वतः काढते. मी माझ्याकडची साधी टाचणी घेऊन खोलीत गेले.

तिथे टाचणी होती. लाल डोक्याची, वरच्या काठाला, मधोमध.

मला आधी वाटलं, काहीतरी चुकलंय. मी टेप लावला, काठ उलटा केला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला. शिवण सरळ होती. दोरा नव्हता. लाट नव्हती. पुन्हा मोजलं. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. ही चूक दाखवणारी टाचणी नव्हती. काम झालं, आता पाठव, असं त्या म्हणत होत्या.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत मी पूर्वी कधी बसले नव्हते. बसले आणि पोटभर रडले. 'छान झालंय' या दोन शब्दांसाठी मी इतकी वर्षं वाट पाहिली होती आणि ते मला मिळाले होते. नवरा दाराशी आला. मी त्याला टाचणी दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला. तो टेबलापाशी आला. त्याने टाचणीला हात लावला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आता ती येणार नाही."

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं.

काम झालं म्हणजे झालं. आता त्या कशाला येतील? दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा उशी आदल्या संध्याकाळी फुगवून ठेवली होती तशीच होती. मी सांगत राहिले, आज हे करते, आज ते करते, पण माझा आवाज मलाच ऐकू येत होता. त्या गेल्या त्या दिवशीसुद्धा ती खोली एवढी रिकामी नव्हती. त्या दिवशी मी चिडलेली तरी होते.

नंबर यायला अजून थोडा अवकाश होता. तेव्हा मी ते केलं. कडेच्या ओळीतला एक चांगला, बिनचूक चौकोन चारी बाजूंनी उसवला, पाव वळसा फिरवला आणि तसाच पुन्हा बसवून टाकला. फिक्याच्या जागी गडद आलं आणि एका हिऱ्याची एक बाजूच नाहीशी झाली. आंधळ्यालाही दिसेल अशी चूक. थर टेबलावर पसरला, उशी फुगवली, कुलूप घातलं. लहान मूल आईला ऐकू जावं म्हणून मुद्दाम भांडं पाडतं, तसंच ते होतं. मला लाज वाटत होती आणि मी झोपेत सुद्धा वाट पाहत होते.

सकाळी टाचणी नव्हती. त्याच्या दुसऱ्या सकाळीही नव्हती. वरच्या काठाची ती एकच, मधोमध.

नंबराच्या दिवशी मी थर तसाच घडी करून नेला. लांबहातीने तो टेबलावर पसरला, चारी कडांवरून टेप फिरवला, मागचे जोड पाहिले, विसरलेली टाचणी सापडावी म्हणून लोहचुंबक फिरवला. मग वरच्या काठाची टाचणी काढून आपल्या डबीत टाकली. मी हात पुढे केला होता, पण तोवर ती बाकीच्या टाचण्यांत मिसळून गेली.

"छान तयार केलंय हो," ती म्हणाली. "इतका सपाट थर माझ्याकडे क्वचितच येतो."

मी मान हलवली. मला काहीच वाटलं नाही.

मग तिला तो चौकोन दिसला. तिला आश्चर्य वाटलं, एवढं नेटकं काम आणि हा एक कसा सुटला म्हणून. बसा, माझ्या छोट्या मशीनवर दुरुस्त करा, तोवर मी अस्तर चढवते, असं ती म्हणाली. तिने मनगटावरच्या टाचण्यांच्या गादीतली एक टाचणी काढून त्या चौकोनात खोचली सुद्धा. मी ती पाहत राहिले. ती नुसती टाचणी होती. मी ती उपसून तिच्या हातात दिली.

"राहू दे तो तसाच," मी म्हणाले.

"अहो, एकदा वरून टाके पडले की कायमचा राहील. मग म्हणाल, आधी का नाही सांगितलं."

"नाही म्हणणार. कायमचा राहू दे."

तिने खांदे उडवले आणि मशीन सुरू केलं.

गोधडी आता आमच्या पलंगावर आहे. तो चौकोन माझ्या बाजूला येतो, खांद्यापाशी. नवऱ्याने एकदा विचारलं, आईच्या गोधडीत ही एवढी मोठी चूक तू ठेवलीस कशी. मी म्हटलं, आईंना किती दिवस बघवेल असं वाटतं तुला? रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी त्या चौकोनावरून तळहात फिरवते, जरा दाबूनच. अजून काही टोचलेलं नाही.